राब भाजणाऱ्यांची बाजू

हरिश्चंद्रगडाच्या परिसरातल्या डोंगरगावांत, पाचनई-फोफसंडीच्या बाजूला, उन्हाळा सरत आला की जळत्या शेणाचा आणि पाल्याचा वास भरून राहतो. वणवा नव्हे, राब. भात-नागलीची रोपं जिथं वाढवायची तो तुकडा आधी भाजून घेतात. फांद्या उतरवून वाळवलेल्या असतात. तळाला शेण, त्यावर या फांद्यांची कवळं, त्यावर पाचोळा आणि सगळ्यावर मातीचा थर. खरं कसब त्या मातीत आहे. जाड पडली तर आग गुदमरते, पातळ पडली तर भडकून लगेच विझते. वारा येतो त्याच्या उलट टोकाला काडी लावतात, म्हणजे जाळ वाऱ्याशी झगडत इंचाइंचानं सरकतो. जमीन नुसती काळी होऊन भागत नाही, ती शेकली पाहिजे.

हा अडाणीपणा आहे, जंगलाचा घास आहे, हा आरोप फार जुना. 1878 च्या वन कायद्यानंतर ठाणे-कुलाब्यात राबासकट जंगलातल्या हक्कांवरून रयतेची इतकी गाऱ्हाणी झाली, की 1885 मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. आरोपात तथ्य नाही असं नाही. त्याच झाडावर दरसाल कोयता चालला तर त्याचा खुंट होतो. पण राबाला झाड पाडत नाहीत, फांद्या घेतात, आणि दोन-तीन वर्षं विसावा मिळाला तर ऐनाचं झाड पुन्हा भरून येतं. दुसरं म्हणणं असं, की भाताच्या तुसाची राख वापरा, भात लागवडीची चारसूत्री पद्धत घ्या. सल्ला चांगला आहे आणि जिथं गिरणीजवळ तुसाचे ढीग पडतात तिथं तो घ्यावाच. कड्याखालच्या वाडीवर तूस डोक्यावरून आणायचं कुणी, याचं उत्तर त्यात नाही. शिवाय राख म्हणजे राब नव्हे. राब तणाचं बी जाळतो. रोप लावणीला यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि सह्याद्रीच्या कोसळत्या पावसातले ते तीन आठवडे घरातला प्रत्येक हात चिखलणीत अडकलेला असतो. तेव्हा वाफ्यात निंदायला बसणार कोण? ती निंदणी इथली माणसं मे महिन्यातच, आगीकडून उरकून घेतात. मला यात अडाणीपणा दिसत नाही, मजुरीचा चोख हिशोब दिसतो. तो पटत नसेल तर आवण, म्हणजे लावणीची रोपं, उपटताना बघावं: भाजलेल्या वाफ्यातली मूठ भुसभुशीत मातीतून अलगद, पांढऱ्या मुळांसकट वर येते; न भाजलेल्यातली निम्मी मुळं जमिनीतच तुटून राहतात.