खापरावरची अरामी

ओस्ट्राकॉन : फुटक्या मडक्याच्या तुकड्यावरचा मजकूर. बहुधा शाईने लिहिलेला, क्वचित कोरलेला. पपायरसला पैसे पडत. खापर उकिरड्यावर फुकट मिळे.

लिपी : २२ अक्षरे, सगळी व्यंजने. लेखन उजवीकडून डावीकडे. काजळीची शाई, बोरूची लेखणी.

एलिफंटाइन : इजिप्तमध्ये अस्वानजवळ नाईल नदीतले बेट. इ.स.पू. पाचव्या शतकात इथे पर्शियन साम्राज्याच्या चाकरीतले ज्यू सैनिक सहकुटुंब राहत. साम्राज्याच्या कारभाराची भाषा अरामी, तीच त्यांच्या घरगुती निरोपांचीही. एका खापरावर यिस्लाह नावाच्या बाईला ताकीद आहे : उद्या भाजी पाठवतोय, शब्बाथच्या (ज्यूंच्या विश्रांतीच्या) दिवशी होडीपाशी हजर राहा; माल गेला तर जीव घेईन! (सगळा तमाशा भाजीसाठी.) शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी इथून जमवलेली खापरे २००६ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली.

इदुमिया : मृत समुद्राच्या पश्चिमेचा प्रदेश. इ.स.पू. चौथ्या शतकातली शेकडो खापरे. तारीख, नाव, माप. गहू, जव, भुसा. काहींवर अलेक्झांडरच्या राजवटीचे वर्ष. बरीच खापरे पुरावस्तूंच्या बाजारातून आल्याने त्यांची नेमकी जागा हरवली.

अश्शूर : आजच्या इराकमधले प्राचीन शहर. इथले खापर म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकातले लांबलचक पत्र. सध्या बर्लिनमध्ये.

गल्लत नको : नेत्याला हद्दपार करण्यासाठी खापरावर नाव कोरण्याची प्रथा अथेन्सची, ती खापरे ग्रीक. अशोकाची अरामी खापरावर नव्हे, दगडावर आहे : कंदाहारचा ग्रीक-अरामी शिलालेख १९५८ मध्ये उजेडात आला.