कॉलऱ्याच्या जंतूचे गिरमिट

कॉलऱ्याचा जंतू इतका बारीक, की मिलिमीटरभर जागेत सुमारे ५०० जंतू ओळीने मावतील. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. आहे ती एक शेपटी. शास्त्रात तिला कशाभिका म्हणतात. कशा म्हणजे चाबूक. पण ही शेपटी चाबकासारखी फटकारत नाही, गरगर फिरते. १९७४ साली अमेरिकेत सिल्व्हरमन आणि सायमन यांनी आतड्यातल्या दुसऱ्या एका जंतूची कशाभिका काचेला चिकटवली. तो सारा जंतूच फिरू लागला!

फिरायचे कशासाठी? एवढ्याशा जिवाला पाणी काकवीसारखे दाट. तिथे ताठ वल्हे त्याच वाटेने पुढे-मागे हलवले, तर होडी जितकी पुढे जाईल तितकीच मागे येईल. सुताराचे गिरमिट मात्र फिरत फिरत लाकडात शिरते. तशीच ही पिळाची शेपटी मागे फिरते आणि जंतूला पुढे रेटते. तिला फिरवणारे चाक मुळाशी असते, तेही प्रथिनांचे.

आतड्यावरचा बुळबुळीत थर भेदायला हेच गिरमिट कामी येते. म्हणून विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी भुलू नका. साथ आली की पाणी खळखळून उकळूनच प्या.