परदेशात गाडी चालवायची तर
हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या मारुंजीतून कामानिमित्त परदेशी जाणारे पुष्कळ. तिथे गाडी हाती घ्यायची, तर निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढावा. ‘सारथी’ पोर्टलवर फॉर्म ४-अ भरायचा. शुल्क १,००० रुपये. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. म्हणून लायसन्सवरची तारीख आधी बघा, नूतनीकरण उरकून घ्या. नुसत्या परवान्यावर भागत नाही, मूळ लायसन्सही खिशात हवंच. देशोदेशीचे नियम निराळे: ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर १२ महिने कार चालवता येते, जपानमध्ये मात्र १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा परवाना दाखवल्याशिवाय भाड्याची गाडी मिळत नाही.