अँब्रोज बिअर्स : कडवटपणा आणि साक्ष

अँब्रोज बिअर्स (१८४२–१९१४?) ह्या अमेरिकन उपहासकाराच्या मृत्युवर्षापुढे वाङ्मयकोशांतून प्रश्नचिन्ह घातलेले असते. १९१३ च्या अखेरीस, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो क्रांतियुद्धाने पेटलेल्या मेक्सिकोत शिरला आणि पुढे त्याचा मागमूस लागला नाही. ह्या अज्ञात शेवटाने त्याच्याविषयी जेवढे कुतूहल जागवले, तेवढे त्याच्या बारा खंडांच्या संकलित वाङ्मयाने जागवले नाही, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कार्लोस फ्वेन्तेस ह्या मेक्सिकन कादंबरीकाराने १९८५ मध्ये ‘ग्रिंगो व्हिएहो’ ह्या कादंबरीत त्याला पान्चो व्हिलाच्या सैन्यात आणून सोडले. चार वर्षांनी तिच्यावर चित्रपटही निघाला. बिअर्सने कल्पिलेले ‘कार्कोसा’ हे उद्ध्वस्त नगर रॉबर्ट चेंबर्सने १८९५ मध्ये आपल्या भयकथांत उचलले, तेथून ते लव्हक्राफ्टच्या परंपरेत गेले आणि २०१४ मध्ये एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत पुन्हा अवतरले. परंतु हा दंतकथेचा आणि विशेषनामांचा प्रवास झाला. तुलनात्मक अभ्यासाला ज्या अर्थाने ‘प्रभाव’ अभिप्रेत असतो, तो ह्याहून निराळा आहे व तो अन्यत्र शोधावा लागतो.

ह्या शोधात पहिला अडथळा येतो तो त्याच्यावर बसलेल्या शिक्क्याचा. हयातीतच ‘कडवट बिअर्स’ हे त्याचे उपनाम झाले होते. ‘सिनिक’ ह्या शब्दाला मराठीत समर्पक पर्याय नाही, ही गोष्ट येथे काहीशी उपकारकच ठरते. तुच्छतावादी म्हणावे, तर तुच्छता ही वृत्ती आहे, दृष्टी नव्हे. छिद्रान्वेषी म्हणावे, तर तो केवळ दोष हुडकणारा ठरतो. अश्रद्ध म्हणावे, तर प्रश्न धर्मापुरता आक्रसतो. पर्याय निवडताना होणारी ही ओढाताण आपल्याला मूळ प्रश्नाकडेच नेते : बिअर्सचा अविश्वास नेमका कशावर होता?

त्याची सर्वांत लोकप्रिय कृती म्हणजे सैतानाचा शब्दकोश. १८८१ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘वॉस्प’ साप्ताहिकात ह्या व्याख्या तुकड्यातुकड्यांनी येऊ लागल्या. १९०६ मध्ये त्यांतील काही भाग ग्रंथरूप झाला, तो मात्र ‘सिनिकचा शब्दकोश’ अशा सौम्य नावाने. वृत्तपत्राच्या धार्मिक संकोचामुळे हे नाव आपल्यावर लादले गेले, अशी तक्रार बिअर्सने पुढे प्रस्तावनेत नोंदवली. मूळ नाव १९११ मध्ये परत आले, पण तोवर अनुकरणकारांनी बाजार भरून टाकला होता. ह्या कोशाची रचना वरवर कोशकाराच्या शिस्तीचीच आहे. शब्द, व्याकरणिक जात, मग व्याख्या. फरक एवढाच, की ज्या जागी शब्दाचा अर्थ सांगायचा, त्या जागी तो शब्द वापरणाऱ्या माणसांचे आचरण सांगितलेले असते. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही व्याजोक्ती नव्हे, वक्रोक्तीही पुरती नव्हे. कोशाचा अधिकार उसना घेऊन त्या अधिकाराखालीच लावलेला हा सुरुंग आहे. व्याख्यांखाली कल्पित कवींच्या नावावर घातलेली पद्येही त्याच खेळाचा भाग होत.

फ्लोबेरचा रूढ कल्पनांचा कोश येथे आठवणे स्वाभाविक आहे. परंतु तो फ्लोबेरच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी छापला गेला. बिअर्सच्या व्याख्या त्याआधीच वृत्तपत्रांतून फिरत होत्या. म्हणजे दोन खंडांत, एकमेकांच्या नकळत, एकच घाट निर्माण झाला. दोहोंत भेदही मोठा आहे. फ्लोबेर लोक काय म्हणतात ते टिपतो आणि स्वतः गप्प राहतो. बिअर्स गप्प राहत नाही. आज जगातील अनेक भाषांत व्यवसायांचे, राजकारणाचे, विद्यापीठांचे विनोदी कोश निघतात. त्यांत घाट राहिला आहे, दाह गेला आहे. हा प्रभाव व्यापक खरा, पण उथळ.

खोल प्रभाव कथेचा आहे, आणि त्याचे मूळ युद्धात आहे. १८६१ मध्ये, अठराव्या वर्षी, बिअर्स इंडियानाच्या नवव्या पायदळ पलटणीत दाखल झाला. शायलो, चिकामॉगा ह्या लढाया त्याने पाहिल्या. १८६४ मध्ये केनेसॉ येथे त्याच्या डोक्यात गोळी लागली. ह्यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे सैन्यातील काम. जनरल हेझनच्या हाताखाली तो भूमापन अधिकारी होता : रस्ते, उतार, नदीचे उतारठाव मोजून नकाशे करणारा. जो नकाशा चुकला तर माणसे मरतात, तो नकाशा करण्याची सवय त्याच्या गद्यात उतरली.

१८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आउल क्रीक पुलावरील कथेचा आरंभ पाहावा. फाशी द्यायच्या माणसाच्या पायाखालची फळी, तिचे दुसरे टोक तोलून धरणारा सार्जंट, दोन्ही टोकांचे पहारेकरी, त्यांच्या बंदुकांची ठेवण हे सारे मोजून मांडलेले आहे. फळी निसटते, दोर तुटतो, पेटन फार्कर नदीतून पोहत निसटतो, रानातून घरी पोचतो, पत्नीला कवेत घेणार तोच कथा संपते. तो पुलाखाली लोंबकळत असतो. वर्गात ही कथा बहुधा ह्या धक्क्यासाठी शिकवली जाते, आणि तेथेच तिची हानी होते. धक्का एकदाच बसतो. कथा दुसऱ्यांदा वाचण्याजोगी का राहते? कारण लेखकाने फसवलेले नसते. फार्करला दूरच्या झाडांच्या पानांवरील शिरा दिसतात, पुलावरून नेम धरणाऱ्याच्या डोळ्याचा रंग दिसतो. कोणत्याही माणसाला दिसणार नाही इतके स्पष्ट त्याला दिसते. पहिल्या भागात जी अचूकता सत्याची खूण होती, तीच तिसऱ्या भागात भ्रमाची खूण होते. शेवटाजवळ भूतकाळी निवेदन वर्तमानकाळात सरकते, तेही सहज सुटून जाते. १८८९ च्या ‘चिकामॉगा’त हीच युक्ती उलटी फिरवली आहे : सरपटत जाणारे घायाळ सैनिक एका लहान मुलाला खेळगडी वाटतात, तो मूकबधिर आहे, हे आपल्याला अखेरीस कळते. डोळे सर्व टिपतात, अर्थ मात्र चुकतो.

रोबेर आंरिको ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने पुलाच्या कथेवर केलेला लघुपट १९६२ मध्ये कॅन महोत्सवात गौरवला गेला. त्यात संवाद जवळजवळ नाहीत, आणि ते योग्यच आहे. बोर्हेसच्या १९४३ मधील ‘गुप्त चमत्कार’ ह्या कथेतही गोळीबाराच्या क्षणी काळ ताणला जातो. मात्र तेथे ते वर्ष ईश्वराने दिलेले आहे, बिअर्सकडे ते मज्जासंस्थेने केलेली फसवणूक आहे. येथे मी साधर्म्य एवढाच शब्द वापरीन.

प्रभाव हा शब्द पूर्णार्थाने लागू पडतो तो जपानमध्ये. अकुतागावाने बिअर्स इंग्रजीतून वाचला होता आणि जपानी वाचकांना त्याची ओळखही करून दिली होती. त्याची ‘झाडीत’ (१९२२) ही कथा ‘कोन्जाकु’ ह्या प्राचीन कथासंग्रहातील एका गोष्टीवर आणि बिअर्सच्या ‘चांदण्यातील रस्ता’ (१९०७) ह्या कथेच्या रचनेवर उभी आहे, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. एका मृत्यूविषयी निरनिराळ्या साक्षी, त्यांत माध्यमाच्या मुखाने बोलणारा मृतात्मा : हा आराखडा बिअर्सचा. १९५० मध्ये कुरोसावाने ‘राशोमोन’ केला आणि आराखडा जगभर गेला. मूळ नाव मागे राहिले.

परंतु घेताना काय बदलले, हे अधिक बोलके आहे. अकुतागावाच्या साक्षी परस्परांना छेद देतात. प्रत्येक जण खून वा मृत्यू आपल्याकडे ओढून घेतो आणि सत्य अप्राप्य राहते. कुरोसावाने लाकूडतोड्याची आणखी एक साक्ष जोडली, आणि शेवटी टाकून दिलेले मूल त्याच्या हाती देऊन थोडा दिलासाही. बिअर्सच्या कथेत कोणीही खोटे बोलत नाही. पती संशयाने पेटून अंधारात पत्नीचा गळा दाबतो. आपल्याला कोणी मारले हे तिला कधीच कळत नाही. मुलाला दोन्ही गोष्टी अज्ञात. तिन्ही साक्षी एकमेकींना पुरवतात, आणि वाचकाला सर्व समजते. समजत नाही ते फक्त त्या तिघांना. बिअर्सचा अविश्वास सत्यावर नव्हता. सत्य ज्याला हवे त्याच्यापर्यंत ते पोचेल, ह्यावर होता. आपल्याकडे ‘राशोमोन’च्या वाटेने आलेल्या साक्षीच्या नाटकांचा आणि कथांचा विचार करताना ह्या दोन अविश्वासांपैकी कोणता आपण उचलला, हे तपासण्याजोगे आहे.

मृत पत्नी चांदण्यात रस्त्यावर उभी राहते ती प्रेम सांगायला. पती तिला पाहतो आणि भयाने पळत सुटतो. मुलगा तेथेच उभा आहे. त्याला काहीच दिसत नाही.