एकल डिंगीची रचना : वारा, वजन आणि खलाशाचे शरीर

प्रस्तावना

ठाण्याची खाडी आणि मुंबई बंदर यांच्या काठावर वसलेल्या नवी मुंबईला पाण्याचा मोठा शेजार लाभला आहे. शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची परंपरा मात्र प्रामुख्याने बंदराच्या पश्चिम काठावर, कुलाब्याच्या बाजूस रुजली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांमधील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि ‘एंटरप्राइझ’ वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळविले. ती होडी दोघांनी मिळून चालवायची होती. त्यानंतर चार दशकांनी, २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत विष्णू सरवणन यांना ‘आयएलसीए ७’ या वर्गात कांस्यपदक, तर नेहा ठाकूर हिला मुलींच्या ‘आयएलसीए ४’ या वर्गात रौप्यपदक मिळाले. या दोन्ही होड्या एकट्याने चालवायच्या आहेत. विशेष म्हणजे दोहोंचे धड एकच आहे. फरक आहे तो शिडाचा व डोलकाठीचा. एक सैन्यातील प्रौढ खलाशी आणि दुसरी देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील, भोपाळच्या तलावावर शिकलेली मुलगी. या दोघांना एकाच धडाच्या होडीत बसविणारा रचनेचा निर्णय कोणता, आणि त्याची किंमत काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खलाशी हेच नीरम

गलबत कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी जे वजन भरतात त्यास नीरम म्हणतात. डिंगीत असे नीरम नसते. वारा शिडाला एका बाजूस ढकलतो, तेव्हा खलाशी विरुद्ध काठावर बसून, पाय पट्ट्यात अडकवून, शरीर बाहेर झोकून देतो. त्याचे वजन व होडीच्या मध्यरेषेपासून त्याचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे होडीला सावरणारा जोर. उदाहरणार्थ, मध्यरेषेपासून १.२ मीटर अंतरावर ८० किलो वजनाच्या खलाशाचा जोर ९६ किलोग्रॅम-मीटर भरतो, तर ६० किलो वजनाच्या खलाशाचा ७२. दुसऱ्या बाजूस, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील दाब चौपट होतो. दोघांच्या होडीत वजनाची उणीव जोडीदार भरून काढू शकतो. एकल डिंगीत तशी सोय नाही. म्हणून शिडाचे क्षेत्रफळ ठरविणे म्हणजे ती होडी कोणत्या शरीरासाठी आहे हे ठरविणे होय.

फिन : होडी शरीराला जुळविण्याचा मार्ग

१९४९ साली स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनी आरेखित केलेली ‘फिन’ ही ४.५ मीटर लांबीची होडी १९५२ पासून २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धांपर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. तिचे शीड मोठे आणि धड शंभर किलोंहून जड. डोलकाठीस आधाराचे दोर नसल्यामुळे ती जोरदार वाऱ्यात वाकते, शीड सपाट होते व दाब कमी होतो. किती वाकणारी काठी घ्यावी हे खलाशी आपल्या वजनानुसार निवडू शकतो. तथापि ही मोकळीक मर्यादित होती. फिनवर प्रभुत्व मिळविणारे खलाशी बहुधा ९० किलोंच्या आसपासचे वा त्याहून वजनदार असत. भारताच्या वतीने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नच्छत्तर सिंग जोहल यांनी या वर्गात भाग घेतला. परंतु सडपातळ बांध्याच्या तरुणांसाठी ही होडी नव्हती.

लेझर : धड एक, शिडे तीन

१९६९ मध्ये कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी मोटारीच्या टपावर नेता येईल अशा साध्या होडीचे रेखाटन केले. १९७१ पासून ती ‘लेझर’ या नावाने विकली जाऊ लागली. धडाची लांबी सुमारे ४.२ मीटर, वजन ५९ किलो, दोन तुकड्यांची डोलकाठी आणि त्या काठीवर बाहीप्रमाणे चढविले जाणारे ७.०६ चौरस मीटरचे शीड. सर्व होड्या सारख्याच असाव्यात, जेणेकरून शर्यत खलाशांमध्ये व्हावी, पैशांमध्ये नव्हे, हे तिचे तत्त्व. मात्र होडी सारखी ठेवली तरी शरीरे सारखी नसतात. सुमारे ८० किलोंचा खलाशी तिला उत्तम सावरतो. हलका खलाशी जोरदार वाऱ्यात मागे पडतो.

यावर जो उपाय निघाला तो धड न बदलता डोलकाठीचा खालचा तुकडा व शीड बदलण्याचा. ५.७६ आणि ४.७ चौरस मीटरची शिडे त्यातून आली. सर्वांत लहान शीड मोठ्याच्या दोनतृतीयांश आहे. केवळ शीड लहान केल्यास वाऱ्याच्या दाबाचा मध्य पुढे सरकतो आणि सुकाणूवरील तोल बिघडतो. म्हणून लहान शिडासाठी खालचा तुकडा मुद्दाम मागे झुकविलेला असतो. हीच व्यवस्था आज अनुक्रमे आयएलसीए ७, ६ व ४ या नावांनी ओळखली जाते. एकच धड विकत घेऊन संस्थेला लहान मुलगी, तरुणी आणि प्रौढ पुरुष अशा तिघांनाही पाण्यात उतरविता येते.

या एकसारखेपणालाही किंमत आहे. सुटे भाग अधिकृत उत्पादकाकडूनच घ्यावे लागतात. उत्पादनहक्क व नाममुद्रा यांवरील वादानंतर २०१९ मध्ये या वर्गाला ‘लेझर’ हे नाव सोडावे लागले व नव्या उत्पादकांना परवाने देण्यात आले. होडी पन्नास वर्षे तीच राहिली, पण तिच्यावरील मालकीचा प्रश्न मिटलेला नव्हता.

हलकेपणा आणि उड्डाण

अलीकडील आरेखनांचा कल वजन घटविण्याकडे आहे. २०१४ मध्ये आलेल्या ‘आरएस एरो’चे धड केवळ ३० किलोंचे, म्हणजे लेझरच्या सुमारे निम्मे आहे, तिलाही वेगवेगळ्या आकारांची शिडे लावता येतात. हलकी होडी मंद वाऱ्यातही लवकर वेग घेते आणि किनाऱ्यावर उचलणे सोपे जाते. ‘मॉथ’ वर्गाने आणखी पुढचे पाऊल टाकले : पाण्याखालील पंखांमुळे ही होडी पृष्ठभागावरून वर उचलली जाते आणि नाकाशी असलेली कांडी पाण्याची उंची जोखून पंखाची पाती आपोआप हलविते. परंतु या पंखांना खोल व स्वच्छ पाणी लागते.

खाडीकाठचा विचार

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असू शकतो. ओहोटीस ठाणे खाडीचे काठ दूरवर चिखलाने भरतात. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस राज्यभर प्रतिबंध केला. म्हणजे होडी उतरविण्यासाठी धक्का वा पक्का उतार हवाच, आणि भरतीची वेळ पाहूनच सराव करावा लागेल. अशा उथळ व गाळाच्या पाण्यात उडती मॉथ निरुपयोगी ठरते. खाली-वर करता येणारी मध्यपाटी, एकट्या विद्यार्थ्याला ढकलगाडीवरून ओढता येईल इतके वजन आणि बदलता येणारे शीड हे गुण येथे वेगापेक्षा महत्त्वाचे आहेत.

समारोप

एकल डिंगीची रचना हा केवळ अभियांत्रिकीचा विषय नाही. शिडाचा प्रत्येक चौरस मीटर कोणाला तरी आत घेतो आणि कोणाला तरी बाहेर ठेवतो. फिनने वजनदार पुरुषांना न्याय दिला. लेझरने धड स्थिर ठेवून शीड बदलले आणि पन्नास किलोंच्या मुलीलाही त्याच होडीत स्थान दिले. नवी मुंबईतील एखाद्या महाविद्यालयाने हा क्रीडाप्रकार सुरू करावयाचे ठरविल्यास सर्वांत वेगवान होडी कोणती हा प्रश्न दुय्यम ठरतो. आपल्या वर्गातील किती विद्यार्थी व विद्यार्थिनी ती एकट्याने सावरू शकतील, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.