अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीतील सहायक प्रशिक्षक : उमेदवारी की व्यवसाय?

प्रस्तावना :

अमेरिकेत कुस्ती हा खेळ प्रामुख्याने शिक्षणसंस्थांच्या आश्रयाने वाढला. आंतरमहाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचे नियमन करणारी नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एन.सी.ए.ए.) ही संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली कुस्ती अजिंक्यपद स्पर्धा १९२८ मध्ये आयोवा राज्यातील एम्स येथे भरली. तेव्हापासून या खेळाचा इतिहास प्रायः विजेते मल्ल आणि नामवंत मुख्य प्रशिक्षक यांच्याभोवती लिहिला गेला आहे. ज्यांच्या अंगमेहनतीवर हे यश उभे राहते, ते सहायक प्रशिक्षक मात्र दुर्लक्षितच राहिले. सहायक प्रशिक्षकपद ही मुख्य प्रशिक्षक होण्यापूर्वीची उमेदवारी मानावी की स्वतंत्र व्यवसाय मानावा, हा केवळ शब्दांचा वाद नाही. या प्रश्नाच्या उत्तरावर त्या व्यक्तीचे वेतन, तिची सेवासुरक्षा आणि पर्यायाने विद्यार्थी-खेळाडूची सुरक्षितताही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या पदाचे स्वरूप, त्यातील वाटचालीचे मार्ग आणि त्यासंबंधीचा कायदेशीर संघर्ष यांचा परामर्श घेतला आहे.

१. पदाचे स्वरूप :

महाविद्यालयीन कुस्तीची शैली ऑलिंपिकमधील मुक्त शैलीहून भिन्न आहे. येथे लढत सात मिनिटांची असून ती तीन, दोन व दोन मिनिटांच्या तीन सत्रांत विभागलेली असते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणल्यानंतर त्याच्यावर ताबा राखण्याला या शैलीत विशेष महत्त्व आहे. १२५ ते २८५ पौंडांपर्यंत दहा वजनगट असतात. या दहाही गटांतील मल्लांना एकच मुख्य प्रशिक्षक प्रत्यक्ष मॅटवर उतरून शिकवू शकत नाही. हलक्या गटातील मल्लाला चपळ जोडीदार हवा असतो, तर भारी गटातील मल्लाला तोलामोलाचा. त्यामुळे वेगवेगळ्या वजनाचे, नुकतीच स्पर्धात्मक कुस्ती सोडलेले किंवा अद्याप खेळत असलेले मल्ल सहायक म्हणून नेमले जातात. महाराष्ट्रातील तालमीत वस्तादाच्या नजरेखाली जुने मल्ल नव्या पोरांशी लढंत करतात. तेच कार्य तेथे नियमबद्ध नोकरीच्या रूपात केले जाते.

मात्र लढंत हा या कामाचा केवळ एक भाग होय. शालेय मल्लांचा शोध घेणे, त्यांच्या पालकांशी संवाद साधणे, प्रतिस्पर्ध्यांच्या लढतींच्या चित्रफिती अभ्यासणे, प्रवासाची व्यवस्था पाहणे, मल्लांच्या वर्गातील उपस्थितीवर व गुणांवर लक्ष ठेवणे ही कामेही बहुधा सहायकाकडेच येतात. प्रथम श्रेणीतील संघाला दीर्घकाळ केवळ ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. म्हणजे दहा वजनगटांसाठी दहा पूर्ण शिष्यवृत्त्याही नव्हत्या. त्या तीसएक मल्लांत वाटून द्याव्या लागत. अशा स्थितीत अर्धी किंवा पाव शिष्यवृत्ती स्वीकारण्यास गुणी मल्लाला राजी करणे, हे सहायकाच्या कौशल्याचेच काम होते. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या संस्थांपुरती ही मर्यादा संपुष्टात आली व तिच्या जागी तीस मल्लांच्या संघाची मर्यादा आली.

२. वाटचालीचे दोन मार्ग :

सहायकपदाकडे शिडीची पायरी म्हणून पाहण्याची दृष्टी निराधार नाही. डॅन गेबल यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ६८ किलो गटात एकही गुण न गमावता सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी ते आयोवा विद्यापीठात गॅरी कर्डेलमायर यांचे सहायक झाले. कर्डेलमायर यांच्या कारकिर्दीत आयोवाने १९७५ व १९७६ ची राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. पुढे १९७६ ते १९९७ या काळात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेबल यांनी पंधरा राष्ट्रीय विजेतेपदे संपादन केली. त्यांचे सहायक जिम झालेस्की त्यांच्या जागी आले व त्यांच्या संघाने १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षे विजेतेपद राखले. केल सँडरसन यांनीही आयोवा स्टेट येथे प्रथम सहायक म्हणून काम केले, २००६ मध्ये तेथेच मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले आणि २००९ मध्ये ते पेन स्टेट विद्यापीठात गेले.

तथापि ही शिडी सर्वांसाठी सारखी नाही. मुख्य प्रशिक्षकपद प्रत्येक संस्थेत एकच असते व यशस्वी व्यक्ती ते दशकानुदशके सोडत नाही. शिवाय सहायकपदाची पायरी न चढताही वर जाता येते. टोकियो ऑलिंपिकमधील ८६ किलो गटाचे विजेते डेव्हिड टेलर २०२४ मध्ये थेट ओक्लाहोमा स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले.

दुसरा मार्ग सहायकपदावरच कारकीर्द घडवण्याचा आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेते टेरी ब्रँड्स यांनी टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले होते. तरीही २००८ मध्ये ते आयोवात आपले जुळे बंधू टॉम ब्रँड्स यांच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू झाले. केल सँडरसन यांचे बंधू कोडी हेही एका संघाचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवून नंतर धाकट्या भावाचे सहायक झाले. अनुभवी व्यक्ती मुख्यपदाकडून सहायकपदाकडे येते, याचा अर्थ या पदाला स्वतःचे ज्ञान व प्रतिष्ठा आहे असाच होतो.

३. ‘मर्यादित वेतन’ नियम व न्यायालयाचा निर्णय :

नियामक संस्थेने मात्र दीर्घकाळ पहिलीच दृष्टी प्रमाण मानली. वाढत्या खर्चाला आळा घालण्यासाठी एन.सी.ए.ए.ने १९९१ मध्ये एक नियम संमत केला व तो १९९२ पासून अमलात आला. त्यानुसार प्रथम श्रेणीतील फुटबॉल वगळता इतर खेळांत ‘मर्यादित वेतन प्रशिक्षक’ हा वर्ग निर्माण झाला. अशा प्रशिक्षकाला शैक्षणिक वर्षासाठी १२,००० डॉलर व उन्हाळ्यासाठी ४,००० डॉलर यांहून अधिक वेतन देता येत नसे. एखाद्या विद्यापीठाची अधिक देण्याची इच्छा व ऐपत असली, तरी नियमाने त्याचे हात बांधलेले होते.

या नियमाला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांनी न्यायालयात आव्हान दिले. हा खटला ‘लॉ विरुद्ध एन.सी.ए.ए.’ या नावाने ओळखला जातो. नवोदितांसाठी प्रवेशपातळीची पदे राखणे, खर्च कमी करणे व स्पर्धेतील समतोल टिकवणे अशी तीन समर्थने संस्थेने मांडली. दहाव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने जानेवारी १९९८ मध्ये ती अमान्य केली आणि १८९० च्या शर्मन मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय कायम केला. ही पदे नवोदितांनाच मिळतील अशी कोणतीही तरतूद नियमात नव्हती व अनुभवी प्रशिक्षकही त्यांवर काम करीत होते, हे न्यायालयाने नोंदवले. केवळ खर्च वाचतो म्हणून संस्थांनी एकत्र येऊन वेतन गोठवणे समर्थनीय ठरत नाही, असेही स्पष्ट झाले. इतर खेळांतील प्रशिक्षकांचेही दावे दाखल झाले होते. अखेरीस १९९९ मध्ये ५४.५ दशलक्ष डॉलरची तडजोड झाली.

उमेदवारीची कल्पना मात्र एवढ्याने संपली नाही. विनावेतन ‘स्वयंसेवी प्रशिक्षक’ हा वर्ग चालूच राहिला. कुस्तीत असे अनेक जण ऑलिंपिकची तयारी करणारे मल्ल असत व त्यांचा चरितार्थ विद्यापीठालगतच्या प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रांच्या मदतीवर चाले. २०२२ मध्ये बेसबॉलमधील माजी स्वयंसेवी प्रशिक्षकांनी याविरुद्धही दावा दाखल केला. जुलै २०२३ पासून प्रथम श्रेणीत हा वर्ग रद्द होऊन त्या जागांचा समावेश वेतन देता येईल अशा प्रशिक्षकपदांत झाला.

४. सुरक्षितता व स्थैर्य :

हा प्रश्न केवळ वेतनापुरता सीमित नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतील तीन मल्ल झपाट्याने वजन घटवताना मरण पावले. त्यानंतर एन.सी.ए.ए.ने वजन घटवण्यासाठी तप्त खोल्या, रबरी पोशाख व मूत्रल औषधे यांचा वापर निषिद्ध केला आणि वजनाची वेळ लढतीच्या निकट आणली. पुढे हंगामाच्या आरंभी शरीरातील पाण्याचे व चरबीचे प्रमाण तपासून प्रत्येक मल्लाचे किमान वजन निश्चित करण्याची पद्धत रूढ झाली. नियम कागदावर असतात, परंतु मल्लाचा थकवा प्रथम जाणवतो तो त्याच्याशी अंगलट करणाऱ्या जोडीदाराला. ती जाण वर्षानुवर्षांच्या अनुभवातून येते. दरवर्षी माणूस बदलणारे पद ती जाण साठवू शकत नाही.

स्थैर्याला दुसरा धोका संघ बंद होण्याचा असतो. १९८१-८२ मध्ये एन.सी.ए.ए.च्या सदस्य संस्थांत ३६३ कुस्ती संघ होते. पुढील पंचवीस वर्षांत ही संख्या सव्वादोनशेच्या आसपास आली. क्रीडासंधींतील लिंगसमानतेसंबंधी १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याच्या अंमलबजावणीला यासाठी अनेकांनी जबाबदार धरले. फुटबॉलवरील प्रचंड खर्चाकडे बोट दाखवणारेही तितकेच होते. कुस्ती प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये शिक्षण विभागाविरुद्ध दाखल केलेला दावा २००४ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, जानेवारी २०२५ मध्ये महिला कुस्तीला अजिंक्यपद स्पर्धेचा दर्जा मिळाला आणि प्रशिक्षकांसाठी नवी पदे निर्माण होण्याचा मार्ग खुला झाला.

निष्कर्ष :

१) सहायक प्रशिक्षकपद काहींसाठी मुख्यपदाची पायरी असते, तर काहींसाठी आयुष्यभराचा व्यवसाय. दोन्ही वाटा प्रत्यक्षात अस्तित्वात आहेत.

२) ‘उमेदवारी’ या शब्दाचा आधार घेऊन अनुभवी व्यक्तीकडून अल्प वेतनात पूर्ण काम करून घेण्याची प्रवृत्ती १९९८ च्या निर्णयाने अवैध ठरवली. तरीही ती दुसऱ्या स्वरूपात २०२३ पर्यंत टिकून राहिली.

३) खरी उमेदवारी तीच, जिला मुदत असते, जिच्यात शिकवणारा असतो आणि जिच्या शेवटी निश्चित स्थान असते. या तीनही गोष्टी नसतील, तर ती उमेदवारी नसून केवळ स्वस्त श्रम होत.

हंगामी नेमणुकांचा प्रश्न शिक्षणक्षेत्राला अपरिचित नाही. वर्गात असो वा मॅटवर, विद्यार्थ्याच्या सर्वांत निकट उभ्या असलेल्या व्यक्तीचे स्थान अस्थिर ठेवून संस्थेची गुणवत्ता स्थिर राखता येत नाही, हेच या कारकिर्दीच्या अभ्यासातून प्रकर्षाने जाणवते.