लष्कराच्या भाकऱ्या, घरबसल्या

स्वयंसेवकांच्या सत्काराचा कार्यक्रम बहुधा रविवारी सकाळी दहाला, दादर नाहीतर माटुंग्याच्या एखाद्या सभागृहात असतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, अध्यक्षांचं लांबलेलं भाषण, मग वडा आणि चहा. शहाडला राहणाऱ्याने तिथे पोचायचं तर आधी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघायला हवं. कल्याणपर्यंत गाड्या रग्गड, पण शहाड त्यापुढचं, कसारा लाइनवरचं. टिटवाळा किंवा आसनगाव लोकल चुकली की फलाटावर ताटकळणं आलंच. आठवडाभर नोकरीसाठी केलेला प्रवास सुट्टीच्या दिवशी स्वतःचं कौतुक ऐकायला पुन्हा करायचा! बरेच जण जात नाहीत. मग संस्थेत कुणीतरी म्हणतंच, "हल्लीच्या मुलांना बांधिलकी राहिलेली नाही."

बांधिलकी असते. जेवणं उरकल्यावर, रात्री दहा-साडेदहाला ती लॅपटॉप उघडून बसते. कुणी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करतं, कुणी दूरच्या गावातल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर गणित शिकवतं, कुणी संस्थेचे हिशेब एक्सेलमध्ये भरून देतं, कुणी 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मुलांची गोष्ट मराठीत आणतं. दिवसाचे दोन-अडीच तास लोकलला वाहिलेल्या माणसाला झेपण्यासारखी समाजसेवा हीच. लष्कराच्या भाकऱ्या आता अशा घरबसल्या भाजल्या जातात.

त्यात एक अडचण आहे. शिबिरात सतरंज्या उचलणाऱ्याला निदान बरोबरीचे चार जण दिसतात, कुणीतरी चहाचा कप हातात देतं. घरातून पाठवलेल्या फाइलचं पुढे काय झालं, ती कुणी उघडली तरी का, हे कळायला मार्ग नसतो. दोन-तीन वेळा असं झालं की माणूस भांडत नाही, राजीनामा देत नाही. नुसता थांबतो. संस्थेला ते सहा महिन्यांनी लक्षात येतं.

एकमेकांना न भेटता वर्षानुवर्षं काम करणारी माणसं कशी टिकतात, हे बघायचं तर मराठी विकिपीडियाकडे बघावं. 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. लिहिणाऱ्यांना मानधन नाही. कुणी महाराष्ट्रात, कुणी परदेशात, आणि कित्येक जण टोपणनावाने लिहिणारे. तरीही तिथे केलेला एक काना-मात्रेचा बदलसुद्धा लेखाच्या इतिहासात करणाऱ्याच्या नावावर, तारखेनिशी जमा होतो. प्रत्येक सदस्याला स्वतःचं चर्चापान असतं आणि सगळ्यांनी मिळून वाद घालायला 'चावडी' असते. तिथे भांडणंही होतात, आणि तीही माणसं धरून ठेवतात असं मला वाटतं. आपल्या कामावर कुणी हुज्जत घालतंय, म्हणजे ते कुणी वाचलंय.

विकिस्रोत या भावंड प्रकल्पाची रीत तर मला फारच आवडते. जुन्या, प्रताधिकारमुक्त पुस्तकांची पानं स्कॅन करून तिथे चढवतात आणि स्वयंसेवक ती तपासतात. एकाने मुद्रितशोधन केलं की पान पिवळं होतं. दुसऱ्याने ते पुन्हा वाचून पसंत केलं की हिरवं. ते हिरवं पान म्हणजेच शाबासकी, कारण आपण केलेली ओळ न् ओळ कुणीतरी डोळ्यांखालून घातल्याचा तो पुरावा असतो.

अशा शाबासकीने खरोखर फरक पडतो का, हे संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. विकिपीडियावर 'बार्नस्टार' नावाचं एक चित्ररूपी पदक कुणीही कुणालाही देऊ शकतं. मायकेल रेस्टिव्हो आणि आर्नाउट व्हान डे राइट यांनी इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वांत सक्रिय 1 टक्का लेखकांतून 200 जण निवडले आणि त्यातल्या निम्म्यांना हे पदक दिलं. 2012 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पुढच्या 90 दिवसांत पदक मिळालेल्यांचं काम इतरांपेक्षा 60 टक्के जास्त भरलं. याना गालुस यांनी जर्मन विकिपीडियावर सुमारे 4,000 नवख्यांमध्ये असाच प्रयोग केला. ज्यांना सन्मान मिळाला, त्यांच्यात पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्क्यांनी वाढलं. रोख रक्कम नाही, नोकरीच्या अर्जात लिहिण्याजोगं काही नाही, आणि सन्मान बहुतेकदा टोपणनावालाच!

पण लगेच घाऊक पदकं वाटायला धावू नये. पहिल्या जोडीनेच कमी सक्रिय लेखकांवर तोच प्रयोग करून पाहिला, तर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात तसा परिणाम दिसला नाही. फारसं काही न करता मिळालेल्या कौतुकाची किंमत माणसाला कळते. झूमवरच्या बैठकीला हजर राहिल्याबद्दल येणारी ई-प्रमाणपत्रं याच जातीची. त्यात नावाची जागा तेवढी बदललेली असते आणि कधीकधी तीही चुकलेली. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवसाच्या केकांमध्ये टाकलेले 'सर्वांचे आभार' कुणाचेच नसतात.

त्यापेक्षा फाइल आली की दोन दिवसांत उत्तर जावं: "तुमचं तिसरं प्रकरण ऐकलं. आकडे सावकाश वाचलेत, ते मुलांना उपयोगी पडलं. पाचव्या मिनिटाला पंख्याचा आवाज येतोय, तेवढं पुन्हा कराल?" यात आभार आहेत, चूक आहे आणि पुढचं कामही आहे. स्टोरीवीव्हरच्या पुस्तकात भाषांतरकाराचं नाव छापलेलं असतं. संस्थेच्या वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी असते, मग रात्री जागून तोच अहवाल जुळवणाऱ्याचं नाव का नसावं? आणि बैठक ऑनलाइन असेल तर ती रात्री नऊनंतर ठेवावी. संध्याकाळी सात वाजता शहाडचा माणूस ठाण्याच्या पुढेमागे कुठेतरी दारात लटकलेला असतो.

5 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांनी 1985 मध्ये तो ठरवला आणि 2026 हे वर्षही त्यांनी स्वयंसेवकांसाठी जाहीर केलं आहे. संस्थांच्या कार्यवाहांनी त्या दिवशी सगळ्यांना एकच रंगीत चित्र पाठवण्याऐवजी पाचच जणांना फोन करावा, आणि त्यांतले दोघे तरी न सांगता थांबलेले असावेत. त्यांचं शेवटचं काम काय होतं, हे मात्र फोन लावण्याआधी बघून ठेवा.